काटा धरून बसलेला युनूस

“टपाकलं! अय दत्ता, टपाकलं! माझ्या कपाळावर पानी टपाकलं! हा जोड गळतोय!”

मंचरच्या दवाखान्यात, दुसऱ्या मजल्यावरच्या जनरल वॉर्डाच्या दारात मी, म्हणजे हाच दत्ता, पाय ठेवायला आणि हा आवाज निघायला एकच गाठ पडली. आवाज असा, की शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबाबांची सलाईनची बाटली खुंटीला डुलायला लागली, पलीकडं कुणाचं तरी रडणारं पोर गप झालं आणि खाली मेडिकलवाल्यानं भूकंप समजून शटर निम्मं ओढून घेतलं. शटरचं मी स्वतः पाहिलेलं नाही. पण आवाज मी ऐकलाय, आणि तो युनूसभाईचा होता. नवल एवढंच, की त्याआधीचा अख्खा आठवडा हा माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला होता. बोलत नव्हता, खात नव्हता, बायकोनं हाक मारली तरी डोळे उघडत नव्हता. आणि आता खाटेवर ताठ बसलेला. ऑक्सिजनचा मास्क हनुवटीखाली ओढलेला, मेंदीनं रंगवलेली दाढी थरथरतेय, आणि एक बोट छताखालून गेलेल्या लाल पाईपावर रोखलेलं. उशाशी त्याची बायको, रेहानाभाभी, खांबासारखी उभी. सिस्टर त्याचे खांदे धरून म्हणत होती, “बाबा, पडा बरं. वर काही नाहीये.” युनूसभाई तिला म्हणाला, “ताई, तुमी सुई बघा. पाईप मी बघतो.”

त्याला जाऊन आता दीड महिना होत आला. पेपरच्या पुरवणीवाल्यांनी मला बजावून सांगितलंय, की खरं तेवढंच लिहा. त्यामुळं हा लेख निम्म्यानं आखूड झालाय. उरलेला निम्मा ज्याला ऐकायचा असेल त्यानं निमगाव साव्याला यावं, चहा माझ्याकडं.

युनूसभाई जुन्नरचा, पाईप फिटर. मी निमगाव साव्याचा, द्राक्षांवर फवारणी करणारा शेतकरी. आमची गाठ पडली ती माझ्या पंपामुळं. एके दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक माणूस बांधावर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “पावणं, तुमचा पंप लई दाब देतो म्हनं. स्प्रिंकलरची टेस्ट घ्यायचीय, भाड्यानं द्या.” आमच्याकडं स्प्रिंकलर म्हणजे कांद्याला, भुईमुगाला पाणी देणारं तुषार. मी विचारलं, रान कुठंय? तो म्हणाला, “रान न्हाई, कापडाचं दुकान हाय. छताला हाय स्प्रिंकलर.” मी म्हणालो, “दुकानात काय कांदा लावलाय का?” युनूसभाई हसला नाही. त्याला विनोद कळायचा, पण कामाच्या बाबतीत तो विनोदाला उंबऱ्याच्या बाहेर चपलांशेजारी ठेवायचा. त्यानं बांधावरच उकिडवं बसून काडीनं मातीत चित्र काढलं. छताखालून पाईप, पाईपाला अंतराअंतरावर तोट्या, तोटीच्या तोंडात लाल औषध भरलेली बारकी काचेची कांडी. खाली आग लागली की उष्णतेनं कांडी फुटते आणि बरोबर तिथंच पाणी कोसळतं. माणूस झोपलेला असो, पळालेला असो. “पन कवा?” तो काडी माझ्या छातीवर टेकवून म्हणाला, “पंप सुरू झाल्यावर जो दाब यील तो जोडानं सोसला तरच. जोड सुटला तर पानी वाटंतच सांडलं. शेवटच्या तोटीला हवा.” त्या दिवशी मी पंप भाड्यानं देणार होतो. संध्याकाळी पंपाबरोबर मीही गेलो, आणि त्यानंतर युनूसभाईनं मला परत शेतात पूर्णवेळ असा कधी जाऊच दिला नाही.

आमचं काम सगळं चालत्या इमारतींमधलं. नवीन इमारत म्हटली की तो नाक मुरडायचा. “नवीची टेस्ट कुनीबी घेईल राव. रिकामी अस्ती. जुनी बिल्डिंग म्हंजे पंगत बसलीय आन् तू डोक्यावर भरली घागर घेऊन मधनं चाललायस. सांडायचं न्हाई, आन् पळायचंबी न्हाई.” कारण जुन्या इमारतीत पाईप वर्षानुवर्षं छताला टांगलेला असतो आणि त्याच्या पोटात काय चाललंय ते कुणालाच ठाऊक नसतं. त्या कापडाच्या दुकानात आम्ही पहिल्यांदा पाईप रिकामा केला, तेव्हा आतून जे काळं पाणी निघालं त्याच्या वासानं माझ्या मिशा पंधरा दिवस वाकड्या होत्या. युनूसभाईनं त्याच पाण्यात बोट बुडवून नाकाशी नेलं आणि अत्तर ओळखावं तसं म्हणाला, “जुनं हाय, पन पाईप अजून सडला न्हाई.” त्याची रीत ठरलेली होती. आधी पाईपात हवा भरायची, थोडीच, आणि जोडाजोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का बघायचं. हवेनं कुणाचं काही भिजत नाही. मग पाणी. पाणी भरताना आतली सगळी हवा शेवटच्या टोकाला काढून टाकायची, मग नेहमीच्या दीडपट दाब चढवायचा, कॉक बंद करायचा, आणि दोन तास दाबाच्या काट्याकडे बघत बसायचं. काटा जागचा हलता कामा नये. ह्या दोन तासांना तो ‘दाबाला बसणं’ म्हणायचा, आणि दाबाला बसल्यावर चहा नाही, पाणी नाही, तंबाखूसुद्धा नाही. मी एकदा चोरून पाणी प्यालो, तर माझ्याशी नारायणगावपर्यंत बोलला नाही. वर म्हणतो, “वरचा पाईप तहान धरून बसलाय, आन् तुला घोट पायजे?”

आणि रांगोळी. ही त्याची स्वतःची युक्ती. जिथं जिथं वर जोड असेल, त्याच्या बरोबर खाली फरशीवर तो पांढऱ्या रांगोळीचा ठिपका टाकायचा. थेंब पडला की ठिपका फुटतो, आणि काटा खोटं बोलला तरी फरशी खोटं बोलत नाही. ह्या ठिपक्यांनी शिनोलीकडच्या एका मंगल कार्यालयात जे रामायण केलं, ते सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. दुपारचं लग्न होतं, मालकानं सकाळची वेळ दिलेली. हवेचं झालं, पाणी भरलं, दाब चढवला, हॉलभर ठिपके टाकले आणि आम्ही दोघं मागच्या खोलीत काट्यासमोर दाबाला बसलो. दोन तासांनी बाहेर येऊन बघतो तर काय... नवरीकडच्या बायका लवकर येऊन पोचल्या होत्या. रिकामा हॉल, फरशीवर सुबक ठिपके. म्हणजे कुणीतरी ठिपक्यांची रांगोळी अर्धवट टाकून गेलंय, असं समजून त्यांनी ठिपके जोडून टाकले होते! वेली काय, कमळं काय, मधोमध हत्तीएवढे दोन मोर. कार्यालयाचा मालक डोकं धरून बसला. माझी तर वाचाच गेली, आणि ती कधी जात नाही. युनूसभाई मात्र हात मागं बांधून त्या रांगोळीतून सांभाळून फिरला आणि नवरीच्या मावशीला म्हणाला, “ताई, लई गोड काढलीय. पन ह्यात माझं टिंब कुठलं, ते कसं सापडायचं?” मावशी काही लाजली नाही. म्हणाली, “भाऊ, तुमचं एकबी टिंब आमी मोडलं न्हाई. उलट तुमी नुसती टिंबंच टाकली व्हती, आमी मधली जागाबी भरली. आमचा एवढा एक मोर तेवढा रडाया लागलाय, कवाधरनं बघतोय.” बघितलं तर खरंच, डावीकडच्या मोराचा डोळा ओघळून चोचीपर्यंत आला होता. त्याच्या बरोबर वर जोड होता. युनूसभाईनं जोड घट्ट केला, काट्यासमोर परत बैठक मारली, आणि मुहूर्त थोडा पुढं सरकला. नवरदेव बायकोचं कौतुक सांगताना आजही म्हणतो म्हणे, की आमच्या लग्नात मोर रडला.

त्याला कुणी गरीब स्वभावाचा, अबोल, देवमाणूस वगैरे म्हटलं तर मी भांडायला येईन. तो भांडखोर होता. हट्टी होता. शर्टाच्या इस्त्रीवरून, मेंदीच्या रंगावरून, मासवडीच्या रश्श्यावरून त्यानं माणसं तोडली होती. माझ्या घरी बेसनाची मासवडी खाताना तो दर वेळी माझ्या आईला विचारायचा, “अम्मा, मासा कुठं लपवला?” आणि दर वेळी आई पदर तोंडाला लावून, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसायची. पण कामाच्या बाबतीत त्याचा आवाज पार बसलेला मी एकदाच ऐकला. एका साडीच्या दुकानात आम्ही टेस्ट केलेल्या लाईनची एक कांडी खरंच फुटली. कोपऱ्यात वायर जळत होती, पाण्यानं विझली, दुकान वाचलं. मालकाचा फोन आला तो शिव्या देतच, साड्या भिजल्या म्हणून. युनूसभाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “जळल्या न्हाईत ना?” मग फोन ठेवून तो ओट्यावर जाऊन बसला. मला वाटलं, अपमान झाला. तसं नव्हतं. त्याच्या पाईपातून खऱ्या आगीवर पाणी पडल्याची ती एकच वेळ, आणि ती त्याला बघायला मिळाली नाही, ह्याचं त्याला वाईट वाटत होतं. “आपलं काम चांगलं झालं म्हंजे काय, तर कायच घडलं न्हाई,” तो म्हणाला. “असलं काम करणाऱ्याला कोन बघनार राव.”

मागच्या वर्षी त्याची फुप्फुसं आटायला लागली. आधी शिडी सुटली, मग जिना सुटला, मग बोलता बोलता वाक्याच्या मध्ये थांबायला लागला. शेवटी मंचरला आणला. ह्या दवाखान्याची वरची सगळी लाईन त्यानं स्वतः जोडलेली, म्हणून त्या वॉर्डात खाट मिळाली तेव्हा मी चेष्टेनं म्हणालो होतो, चला, स्वतःच्या मांडवाखाली आलात. तो हसला नव्हता. मग तो आठवडा आला, भिंतीकडे तोंड करून पडण्याचा. डॉक्टर मॅडमनी मला आणि भाभीला बाहेर बोलावून सांगितलं. वयानं लहान बाई, पण सांगायची पद्धत अशी, की आपल्याला खुर्ची दिल्यासारखं वाटावं. “आता औषधानं फार काही होणार नाही. त्यांना घरी न्यायचं असेल तर उद्या-परवा न्या, प्रवास झेपतोय तोवर. पुढच्या आठवड्याचं मी सांगू शकत नाही.” भाभी म्हणाली, “घरीच न्यायचंय. हितं न्हाई.” एवढंच. त्याच दिवशी तिनं जुन्नरला पुढची खोली रिकामी करून घेतली, खाट खिडकीशी लावली, ऑक्सिजनचं नळकांडं आणून ठेवलं, अॅम्ब्युलन्सवाल्याला सांगितलं. सकाळी निघायचं ठरलं. मी त्या सकाळी त्याला न्यायला म्हणून आलो होतो... आणि दारातच तो आवाज.

मी शिडी मागवली. वर चढलो, तो जोड हातानं पुसला. कोरडा ठणठणीत. शेजारचे दोन पुसले, तेही कोरडे. खाली उतरून हात त्याच्यासमोर धरला. म्हणालो, “बघा, धूळ हाय नुसती.” त्यानं माझ्या हाताकडं तुच्छतेनं बघितलं. “तुझा हात द्राक्षाचा. आत्ता दाब कमी हाय. जोड एक थेंब सोडतो आन् वाळतो. पंप सुरू झाल्यावर तोच जोड सुटंल.” डॉक्टर मॅडम आल्या. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की रक्तातला ऑक्सिजन कमी झाला की असे भास होतात, समजूत काढा आणि निघा. मी समजूत काढायला बसलो. युनूसभाईनं दोन्ही हातांनी खाटेची लोखंडी कड धरली. श्वास घेत, थांबत थांबत म्हणाला, “हा जोड मी केलाय. मी घरी जाऊन पडू, आन् हितं आग लागल्यावर... त्या टोकाच्या खाटंपातुर पानी पोचनार न्हाई? दाबाला बसल्याबिगर मी हलत न्हाई. न्यायचंच तर मेल्यावर न्या.”

खाली अॅम्ब्युलन्स उभी होती. मी भाभीकडं वळलो. मला खात्री होती, ती एक शब्द बोलली असती तर तो उठला असता. जन्मभर त्यानं सगळ्या तालुक्याशी वाद घातला, पण तिच्याशी नाही. मी विचारलं, “भाभी, तुमी व्हता ना उशाशी? तुमी बघितला का थेंब पडताना?” ती माझ्याकडं बघतच नव्हती. ती त्याच्याकडं बघत होती. त्याच्या ताठ पाठीकडं, त्या रोखलेल्या बोटाकडं. म्हणाली, “त्यांच्या कपाळावर पानी व्हतं.” आणि मग, “घ्या टेस्ट, भाऊ. अॅम्ब्युलन्स परत धाडा.”

मी वैतागलो, हे लपवत नाही. ज्या बाईनं पुढची खोली रिकामी करून ठेवली, तीच म्हणते थांबा. एकेक दिवस मोजून मिळालेला, आणि तो एका थेंबापायी घालवायचा! पण मॅडमनी ऐकलं. चालत्या वॉर्डात टेस्ट म्हणजे थट्टा नाही. त्या म्हणाल्या, परवा सकाळी काही पेशंट घरी जातायत, तेव्हा खाटा हलवायला जागा होईल. पण एकाही पेशंटवर पाणी पडता कामा नये, आणि टेस्टपुरती लाईन बंद राहील तेवढा वेळ आग विझवण्याचे सिलिंडर घेऊन माणसं दाराशी बसली पाहिजेत. युनूसभाई खाटेवरून म्हणाला, “मॅडम, हे मी सांगनार व्हतो.” मॅडम म्हणाल्या, “मला माहीत होतं, म्हणून आधी सांगितलं.” दोघांचं तिथंच जमलं.

मधले दोन दिवस काय सांगू... पाठीला उशा लावून तो बसला तो बसलाच. कुठली खाट कुठं सरकवायची, कुठल्या पेशंटला खोकला आहे म्हणून दारापासून लांब ठेवायचा, प्लॅस्टिक कुठं अंथरायचं, सगळं त्याच्या डोक्यात. वाक्य पुरं करायला तीनदा दम घ्यायचा आणि तेवढ्यातूनही मला शिव्या द्यायला जागा काढायचा. शेजारच्या म्हातारबाबांना त्यानं स्प्रिंकलर इतका समजावला, की ते मुलाला म्हणाले, आपल्या गोठ्यालापण लावू. सिस्टर म्हणाली, ह्यांना कालपर्यंत मी हातानं कुशीवर वळवत होते. भाभी उशाशी बसून होती. मी मात्र दर तासाला मनात मंचर ते जुन्नर रस्ता मोजत होतो, आणि त्याच्या नखांचा निळा रंग बघत होतो.

त्या सकाळी मी पंप आणि सगळं सामान घेऊन पोचलो. खाटा सरकल्या, कुणाला जोडाखाली ठेवलं नाही. नातेवाइकांनीच प्लॅस्टिक धरलं. दोन वॉर्डबॉय सिलिंडर घेऊन दारात द्वारपालासारखे बसले. फरशीवर ठिपके टाकायला रांगोळी घेतली, तर एका पेशंटची सून पुढं झाली. युनूसभाई लगेच ओरडला, “टिंबच! जोडायची न्हाईत!” हवा भरली, फेस लावला, बुडबुडा नाही. पाणी भरलं. आता दाब. दाबाचं घड्याळ एरवी पंपापाशीच असतं, पण तो म्हणाला, मला दिसलं पाहिजे. मग मी लांब होज जोडून घड्याळ त्याच्या खाटेपर्यंत आणलं. त्यानं ते दोन्ही हातांत घेतलं, मांडीवर धरलं, आणि म्हणाला, “चढव. सावकाश.” मी चढवत गेलो. त्यानं हात वर केला, मी कॉक बंद केला. आणि काटा हलला. अगदी थोडा, पण खाली आला.

मी भाभीकडं बघितलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, संपलं. गळती सापडली तर जोड सोडवा, नवा करा, परत दाबाला बसा. आणखी एक दिवस. त्याच्याकडं तेवढा श्वास नव्हता, हे त्या वॉर्डातल्या प्रत्येकाला दिसत होतं. युनूसभाईनं मात्र घड्याळ कानाशी नेलं. दाबाच्या घड्याळाला आवाज नसतो, पण त्यानं नेलं. मग म्हणाला, “हवा राह्यलीय. बाथरूमच्या टोकाला. काढ.” मी पळालो. टोकाचा कॉक सोडला, फस्सकन हवा गेली, मग पाण्याची धार बसली. पुन्हा दाब चढवला, पुन्हा बंद. काटा उभा राहिला.

मग आम्ही दाबाला बसलो. सगळा वॉर्ड बसला. कुणी चहा मागितला नाही. वॉर्डातले मामा-मावश्या, म्हातारबाबा, ड्युटी संपलेली सिस्टर, सगळे एका माणसाच्या मांडीवरच्या काट्याकडं बघत. मॅडम दोनदा आल्या, त्याच्या बोटाला लावलेल्या मशीनचे आकडे बघून गेल्या. अधूनमधून त्याचे डोळे मिटायचे, मान कलायची, पण घड्याळावरचे हात सुटायचे नाहीत. एकदा मला म्हणाला, “दत्ता, आपन किती छतं केली रे?” मी म्हणालो, “लई.” तो म्हणाला, “एकाबी घरातल्या मानसाला आपलं नाव म्हाईत न्हाई.” मी म्हणालो, “बरं हाय, न्हाई तर उधारीवर टेस्ट मागतील.” तो हसला. हसण्यानं त्याला खोकला आला, खोकल्यानं घड्याळ हललं, काटा नाही हलला.

वेळ भरली. मी एकेक ठिपका वाकून बघितला. एकही फुटलेला नव्हता. जोड सगळे धड होते. त्याचा जोडही. “घे,” तो म्हणाला आणि घड्याळ माझ्या हातात दिलं. मी विचारलं, “मंग तो थेंब कुठनं आला, युनूसभाई?” त्यानं छताकडं एकदा बघितलं. “कुठनंबी येवो. माझ्या जोडातनं न्हाई.” मग म्हणाला, “चहा सांग. मलाबी. साखर टाकून.” बशीतून तीन घोट प्याला. भाभीनं बशी धरली होती. आणि मग तिलाच म्हणाला, “चल. घरी.”

दुपारी आम्ही त्याला जुन्नरला नेलं. अॅम्ब्युलन्समध्ये तो नारायणगावच्या पुलापर्यंत जागा होता. खिडकीशी लावलेल्या खाटेवर त्याला ठेवला तेव्हा त्यानं छताकडं बघितलं. तिथं पाईप नव्हता, नुसता पंखा होता. त्याला बरं वाटलं असावं, कारण त्यानं डोळे मिटले. रात्र घरी काढली. पहाटेची अजान झाली आणि तो गेला. एक रात्र. जे दिवस हातात होते त्यातली एक रात्र भाभीच्या वाट्याला आली. माझ्या मनात ते सलत राहिलं. दफनाला माती टाकतानाही सलत होतं, की हे दोन-तीन दिवस त्या वॉर्डानं खाल्ले, एका न पडलेल्या थेंबानं खाल्ले.

चाळिसाव्याला मी जुन्नरला गेलो. गर्दी ओसरल्यावर पुढच्या खोलीत बसलो होतो. खाट हलवलेली होती, भिंतीशी त्याचा इस्त्रीचा पांढरा शर्ट अजून खुंटीला होता. भाभी चहा घेऊन आली. काहीतरी बोलायचं म्हणून मी नेहमीच्या सुरात सुरू केलं, की भाभी, मी त्या वॉर्डातला एकेक पाईप चाटून बघायचा तेवढा बाकी ठेवला. मॅडमनी वरच्या मजल्यावरची फरशीसुद्धा बघून घेतली. कुठं ओल नाही, डाग नाही. मग त्या माणसाच्या कपाळावर पाणी आलं कुठून? आभाळातून?

भाभीनं कप माझ्यासमोर ठेवला.

“माझ्या हातातल्या फडक्यातनं,” ती म्हणाली. “ताप व्हता. कपाळ पुसायला वलं केलं व्हतं.”

चहाचा कप मी उचलला आणि परत ठेवला. मग विचारलं, “आन् तुमी तेव्हाच का न्हाई बोलला? घरी न्यायचं व्हतं ना तुमाला?”

“उठून बसले व्हते ना,” भाभी म्हणाली.